मुहूर्त नको, हिशेब हवा

१९५५च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते आपले डॉ. होमी भाभा. हायड्रोजन बॉम्बच्या पहिल्या स्फोटाला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. अध्यक्षीय भाषणात भाभांनी एक भाकीत केले. बॉम्बमध्ये एका क्षणात सुटणारी संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून वापरण्याची युक्ती येत्या दोन दशकांत माणसाला सापडेल. ती सापडली की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा मिटेल, कारण हे इंधन समुद्रातल्या जड हायड्रोजनइतके मुबलक असेल.

ती दोन दशके १९७५ साली संपली. भाभा त्याआधीच, १९६६मध्ये, विमान अपघातात गेले होते. पुढे निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी नवनव्या तारखा दिल्या आणि त्याही एकेक करून उलटल्या. शेवटी, संमीलनाची वीज नेहमीच तीस वर्षांवर असते, असा विनोद त्यांच्याच वर्तुळात रूढ झाला. लग्न लांबलेल्या मुलाला प्रत्येक पाहुण्याने 'मग कधी?' म्हणून विचारावे, तसा हा प्रश्न या मंडळींच्या मागे लागला आहे. मी या विषयावर कुठे चार शब्द बोलायला गेलो, तरी पहिला हात वर होतो तो याच प्रश्नासाठी.

माझे म्हणणे असे, की हा प्रश्नच आपण बदलावा. मुहूर्त विचारला की समोरच्याला तारीख द्यावीच लागते. तारखेशिवाय पैसा मिळत नाही. आणि तारीख टळली की साऱ्या संशोधनालाच बोल लागतो. त्यापेक्षा हिशेब मागावा. किती घातले, किती निघाले, काय बुडाले आणि जे बुडाले त्यातून काय हाती लागले? असा हिशेब मांडायला अतिशय बोलकी असलेली एक वाट आपल्याकडे फारशी कुणाच्या परिचयाची नाही. इलेक्ट्रॉनांच्या झोताने संमीलन घडवू पाहणाऱ्यांची ती वाट.

धरून ठेवा, नाहीतर चिरडून टाका

हलक्या अणूंची केंद्रके एकमेकांत मिसळून जड केंद्रक तयार होते, त्याला संमीलन म्हणतात. सूर्याची भट्टी याच इंधनावर चालते. पृथ्वीवर त्यासाठी हायड्रोजनची दोन जड भावंडे सर्वांत सोयीची : ड्युटेरियम आणि ट्रिटियम. पहिले पाण्यात सापडते, दुसरे लिथियमपासून बनवावे लागते. अडचण अशी, की दोन्ही केंद्रके धन विद्युतभाराची असल्याने जवळ येताच एकमेकांना दूर लोटतात. हा दुरावा मोडायचा तर तापमान दहा कोटी अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि एवढ्या तापलेल्या वायूला पुरेसा वेळ, पुरेशा दाटीवाटीने एकत्र ठेवावे लागते.

हे साधण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात विरळ वायू चुंबकीय क्षेत्राच्या पिंजऱ्यात धरून ठेवतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे यंत्र १९८९ साली सुरू झाले ते याच जातीचे. फ्रान्समध्ये उभा राहत असलेला 'ईटर' प्रकल्पही याच जातीचा. त्यात भारत २००५पासून भागीदार आहे. दुसऱ्या मार्गात पिंजरा नाही. इंधनाची छोटीशी गोळी चहूबाजूंनी अशा झटक्यात चिरडायची, की तिला विखुरायला अवधी मिळण्याआधीच संमीलन उरकले पाहिजे. हा अवधी सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजायचा. तेवढ्या वेळात घाव घालणारा घण कुठून आणायचा, हा या मार्गावरचा सगळ्यात मोठा प्रश्न.

लाईट बिलावरचा धडा

भिंतीत खिळा अंगठ्याने दिवसभर दाबला तरी जात नाही. हातोडीच्या एका घावात जातो. अंगठ्याची मेहनत कमी होती असे नाही. ती पसरलेली होती. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ऊर्जा वेगळी आणि शक्ती वेगळी. ऊर्जा म्हणजे एकूण किती, आणि शक्ती म्हणजे किती वेगाने. आपल्या लाईट बिलावर जे युनिट असते ती ऊर्जा. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल भरतात. दिव्यावर छापलेले वॅट ही शक्ती.

हा फरक एकदा ध्यानात आला की स्पंदित शक्तीचे तंत्र समजायला सोपे जाते. विजेचा साठा सावकाश करायचा आणि तो एका स्पंदात, म्हणजे एका ठोक्यात, मोकळा करायचा. रात्रभर बारीक धारेने भरलेले पिंप सकाळी एकदम उपडे करावे, तसा हा प्रकार. घरच्या पंख्यातला कपॅसिटर आपण पाहिलेला असतो. एर्विन मार्क्स नावाच्या जर्मन अभियंत्याने (त्या दाढीवाल्या मार्क्सशी याचा संबंध नाही) १९२४च्या सुमारास अशा पुष्कळ कपॅसिटरांची एक जोडणी शोधून काढली. भरताना ते सगळे शेजारी शेजारी भरायचे आणि सोडताना विजेरीतल्या सेलसारखे एकामागे एक जोडायचे. साध्या दाबाने भरलेली वीज बाहेर पडते ती लक्षावधी व्होल्टने.

तरीही हा स्पंद संमीलनासाठी फार लांबट होतो. तो आखूड करण्याची कला १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑल्डरमास्टन येथे चार्ली मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. मार्क्सच्या जोडणीतून निघालेली वीज तेलाच्या वा शुद्ध पाण्याच्या टाक्यांत बसवलेल्या धातूच्या नळ्यांत क्षणभर साठवायची आणि तिथून ती अधिकच वेगाने पुढे ढकलायची. ऑल्डरमास्टन हे ब्रिटनच्या अण्वस्त्रांचे केंद्र आहे. स्फोट होत असताना धातूच्या आत काय घडते, त्याचे क्ष-किरणांनी छायाचित्र काढता यावे, हा या खटाटोपाचा मूळ हेतू. संमीलनाची ही वाट शस्त्रांच्या कारखान्यातून निघाली आहे. हिशेबात ही नोंद पहिल्याच पानावर हवी.

झोताचे दिवस

असा स्पंद दोन धातूंमधल्या निर्वात फटीत सोडला, की ऋण टोकावरून इलेक्ट्रॉनांचा प्रचंड झोत सुटतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेत, जेरॉल्ड योनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा झोत इंधनाच्या गोळीवर रोखायचे ठरवले. त्यामागचा विचार व्यवहारी होता. गोळी चिरडायला लेसर वापरणारे दुसरे गट होते. पण त्या काळच्या काचेच्या लेसरमध्ये घेतलेल्या विजेपैकी शेकडा एक हिस्साही प्रकाशात उतरत नसे. इलेक्ट्रॉनांच्या यंत्रात विजेचा बराच मोठा वाटा झोतात उतरे आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी यंत्रही स्वस्तात होई.

तिकडे मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत लिओनिद रुडाकोव्ह याच वाटेने निघाले होते. १९७६च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत आले आणि तिथल्या प्रयोगशाळांत त्यांनी आपले काम मोकळेपणाने सांगितले. झोत थेट गोळीवर न मारता आधी धातूवर मारायचा, त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी गोळी दाबायची, असा त्याचा सारांश. अमेरिकन अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. ही कल्पना हायड्रोजन बॉम्बच्या रचनेच्या इतकी जवळची, की अमेरिकेत ती गुप्त होती. सोव्हिएत पाहुण्याने जाहीरपणे सांगितलेली गोष्ट अमेरिकन श्रोत्यांनी मात्र कुणाजवळ बोलायची नाही, असा अजब प्रसंग ओढवला. या विषयावरचे बरेचसे कुलूप निघायला १९९०चे दशक उजाडावे लागले.

१९७७ साली सँडियाच्या इलेक्ट्रॉन झोताने संमीलनातून न्यूट्रॉन निघाल्याची नोंद झाली. उत्साह वाढला. इलेक्ट्रॉन झोताच्या संमीलनासाठी ३६ शाखांचे एक मोठे यंत्र उभे राहू लागले. आणि नेमक्या त्याच वेळी हिशेब जमेना झाला.

इलेक्ट्रॉन फार हलके. त्यांचा भार एकाच जातीचा असल्याने ते एकमेकांपासून पळतात आणि झोत एका बिंदूवर आणणे अवघड होते. त्याहून वाईट म्हणजे ते गोळीच्या सालीत थांबत नाहीत; ते आणि त्यांच्यामुळे निघणारे क्ष-किरण खोलवर घुसून आतले इंधन आधीच तापवून ठेवतात. गार वायू दाबणे सोपे, तापलेला दाबणे कठीण. पिठाचा उंडा घट्ट वळायच्या आधीच त्याला फुगवून ठेवावे, तशी ही गत.

यावर सँडियाच्या मंडळींनी जे केले त्याचे मला फार अप्रूप वाटते. १९७९ साली, यंत्राची उभारणी चालू असतानाच, त्यांनी इलेक्ट्रॉन सोडले आणि आयन, म्हणजे भारित अणू, धरले. आयन जड असतात, गोळीच्या सालीतच थांबतात. यंत्राच्या नावातला 'इलेक्ट्रॉन' शब्द काढून त्या जागी 'कण' हा शब्द घातला गेला. पाट्या रंगवून झाल्यावर चूक कबूल करणे किती अवघड असते, हे सरकारी कामे पाहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पाया खणला म्हणून मजले चढवत राहायचे, ही आपल्या ओळखीची रीत. इथे मजले चढत होते आणि तरीही आराखडा बदलला.

आयनांनीही पुरता हात दिला नाही. १९८५च्या डिसेंबरमध्ये आणखी मोठे यंत्र सुरू झाले. लिथियमच्या आयनांवर दहा वर्षे काम झाले. पण झोत हवा तितका एकवटेना. १९९६मध्ये पुन्हा वळण घेतले. आता झोतच नको. केसाहून बारीक अशा टंगस्टनच्या शेकडो तारांचा एक पिंजरा करायचा आणि सगळा प्रवाह त्यातून सोडायचा. प्रवाहाच्या स्वतःच्याच चुंबकीय दाबाने तारांची वाफ आत कोसळते आणि क्ष-किरणांचा लोट बाहेर पडतो. यंत्राचे नाव झाले 'झेड'. इमारत तीच, तेला-पाण्याच्या टाक्या त्याच, मार्क्सची जोडणी तीच. १९९८पर्यंत या यंत्राने क्ष-किरणांची शक्ती २९० लाख कोटी वॅटपर्यंत नेली. सबंध जगाच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या कित्येक पट!

उद्गारचिन्हाच्या आत

अशा उद्गारचिन्हापाशी वाचकांनी थांबावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि लाईट बिल काढावे.

२००७मध्ये नूतनीकरण झालेल्या 'झेड' यंत्रातून २ कोटी ६० लाख अँपियरचा प्रवाह वाहतो. आपल्या घरातला गिझरचा प्लग असतो १५-१६ अँपियरचा. यंत्राच्या कपॅसिटरांत एका खेपेला साठते ती ऊर्जा सुमारे दोन कोटी ज्यूल, म्हणजे साधारण सहा युनिट. मध्यमवर्गीय कुटुंब दिवसाकाठी एवढी वीज सहज वापरते. ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागात सुटते म्हणून आकडा आभाळाला भिडतो. क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते ती जेमतेम अर्धा युनिट. प्रत्येक खेपेत यंत्राच्या मध्यभागी असलेल्या भागाचा चक्काचूर होतो आणि तो नव्याने बसवावा लागतो. त्यामुळे दिवसाला साधारण एकच खेप होते. वीजकेंद्र चालवायचे तर अशा खेपा दिवसाकाठी हजारोंनी व्हायला हव्यात.

आणि संमीलनाची प्रत्यक्ष कमाई? २०१३पासून 'झेड'वर नवी पद्धत वापरात आहे. काही मिलिमीटरच्या धातूच्या नळीत ड्युटेरियम भरायचे, त्याला चुंबकीय क्षेत्राचे अस्तर द्यायचे, लेसरने ऊन करायचे आणि मग नळी चिरडायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांतल्या न्यूट्रॉनांवरून संमीलनाची ऊर्जा काढली तर ती भरते दोन-तीन ज्यूल. पाव किलो साखरेचा पुडा जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवायला लागते, साधारण तेवढी. घातले सहा युनिट, मिळाले एवढे.

लेसरवाल्यांचाही हिशेब याच पाटीवर मांडू. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियात लिव्हरमोर प्रयोगशाळेत इंधनावर २०.५ लाख ज्यूल प्रकाश पडला आणि संमीलनातून ३१.५ लाख ज्यूल निघाले. टाकलेल्या प्रकाशापेक्षा मिळकत जास्त, हे इतिहासात प्रथमच घडले. यश खरे आहे, मोठे आहे. पण ती मिळकत एका युनिटहून थोडी कमी भरते, आणि तो प्रकाश तयार करायला लेसरांनी घेतलेली वीज होती ८० युनिटांच्या वर. पुढच्या प्रयोगांत मिळकत वाढली. तरी जमा आणि खर्च यांतली दरी अजून बरीच रुंद आहे.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, मग हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला? तसे म्हणणे हाही हिशेबाचा एकच रकाना वाचणे होईल. १९७७चा इलेक्ट्रॉन झोताचा तो प्रयोग घ्या. त्यात इंधनाला चुंबकीय क्षेत्रात गुंडाळण्याची जी कल्पना होती, तीच पुढे २०१३च्या पद्धतीत नव्या रूपात कामाला आली. झोत गेला, पण झोतासाठी घडवलेला घण राहिला. त्या घणाखाली सूर्याच्या अंतरंगातली स्थिती क्षणभर निर्माण करून तिथे लोखंड प्रारणाला किती अडवते ते मोजले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेले ते मापन सिद्धान्ताच्या अपेक्षेहून बरेच जास्त निघाले आणि सूर्याविषयीचे आपले गणित पुन्हा तपासावे लागले. ही नोंद जमेची आहे. आणि १९९२नंतर अमेरिकेने अणुचाचण्या थांबवल्यावर शस्त्रसाठ्याची परीक्षा अशा यंत्रांवर होऊ लागली, त्यासाठीच त्यांना मुख्यतः पैसा मिळतो, ही नोंदही त्याच वहीत असली पाहिजे. ती जमेची की नावेची, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ती पुसून टाकू नये.

आपल्या अंगणात

हे तंत्र आपल्या मुंबईतही आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८०च्या दशकापासून 'काली' या मालिकेची यंत्रे घडत आली. हे नाव 'किलो अँपियर लिनिअर इंजेक्टर' या शब्दांच्या आद्याक्षरांतून आलेले आहे. तीच मार्क्सची जोडणी, तोच इलेक्ट्रॉनांचा झोत. त्याचा रोख संमीलनाकडे नाही. क्षणमात्र चमकणारे क्ष-किरण आणि जोरदार सूक्ष्मलहरी मिळवणे हे त्याचे काम. या यंत्रांविषयी इथल्या शास्त्रज्ञांचे शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. पण सामान्य माणसाला 'काली' माहीत असते ती मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांतून. ती म्हणे क्षेपणास्त्रे जाळते, पर्वतावरचे बर्फ वितळवते. इंग्रजी शोधनिबंध आणि असला वाह्यातपणा यांच्यामध्ये मराठी वाचकासाठी जवळजवळ काहीच नाही. देशाच्या सुरक्षेसाठी झाकायचे ते अवश्य झाकावे. मात्र सगळेच झाकले की त्या अंधारात भुतेच दिसू लागतात. रुडाकोव्हांच्या प्रसंगाने हेच शिकवले, की ज्ञान फार काळ कोंडून राहत नाही. गैरसमज मात्र त्या मुदतीत भरपूर माजतात.

आता या क्षेत्रात खासगी पैसाही उतरला आहे. २०२४मध्ये अमेरिकेतल्या 'पॅसिफिक फ्यूजन' या कंपनीने ९० कोटी डॉलरचे भांडवल जाहीर केले, आणि त्यांचा भरवसा स्पंदित शक्तीवरच आहे. त्याच वर्षी 'ईटर'ने आपले संशोधन २०३४ साली सुरू होईल असे नवे वेळापत्रक मांडले. म्हणजे पुन्हा तारखा आल्या. त्या खऱ्या ठराव्यात असे मला मनापासून वाटते. कोळशावर चालणाऱ्या चंद्रपूरच्या राखेत ज्यांची बालपणे गेली, त्यांना स्वच्छ विजेची किंमत दुसऱ्या कुणी सांगायला नको.

परंतु ज्या देशात शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाला कुलूप असते, त्या देशाने 'ईटर'मध्ये पैसा घालताना निदान हिशेब वाचायची सवय लावून घ्यावी. तो वाचायला पदवी लागत नाही. लाख कोटी वॅटचा आकडा दिसला की तो किती वेळ टिकला ते विचारावे आणि त्याचे युनिट करावे. मिळकत सांगितली की ती कशाच्या तुलनेत, गोळीवर पडलेल्या ऊर्जेच्या की मीटरवर पडलेल्या विजेच्या, हे विचारावे. दिवसात किती वेळा जमते, ते विचारावे. आणि मागची कोणती वाट सोडून दिली, का सोडली, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला जो न चाचरता उत्तर देईल, त्याच्या हाती आपले पैसे सुरक्षित आहेत असे समजायला हरकत नाही.

भाभांची तारीख चुकली. पण १९७९ साली अर्ध्या उभ्या राहिलेल्या यंत्राचे नाव बदलणाऱ्यांनी दाखवून दिले, की चुकलेल्या तारखेपेक्षा न मोडलेला हट्ट महाग पडतो.